जुन्या डिझेल मालमोटारीच्या इंजिनातील ठोका : त्याची पारख व उपाय

ऊस, कांदा, टोमॅटो, केळी यांसारखा माल पिकविणे हे शेतकऱ्याच्या कामाचे निम्मे अंग होय. तो वेळेवर कारखान्यात अगर बाजारपेठेत पोचविणे हे उरलेले निम्मे. तोडलेला ऊस शक्य तो चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. पुढे प्रत्येक दिवसागणिक त्याचे वजन घटते व साखरेचा उतारा कमी होतो, हे ऊस पिकविणाऱ्या बंधूंना सांगावयास नको. अशा वेळी भरलेली मालमोटार फडाच्या बांधावर किंवा घाटाच्या पायथ्याशी उभी राहिली, तर होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे नसते.

अनेक गावांत दोघातिघा भावांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून घेतलेली जुनी मालमोटार अद्याप शेतमालाची वाहतूक करीत असते. अशा गाडीच्या इंजिनात एखादे दिवशी ठकठक असा ठोका ऐकू येऊ लागतो. त्यावर मालक मंडळी बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतात. काही जण ‘हंगाम संपू द्या, मग पाहू’ असे म्हणून गाडी तशीच चालवितात. इतर काही जण घाबरून गाडी गॅरेजात नेतात आणि संपूर्ण इंजिन उघडण्यास संमती देऊन बसतात. पहिल्या मार्गाने कधी कधी क्रँक निकामी होतो. दुसऱ्या मार्गाने एका नोझलच्या दोषापायी सगळ्या इंजिनाचा खर्च अंगावर पडतो. वास्तविक ठोका कोठून येतो याची पारख करण्यास दोन पाने, एक लांब स्क्रू-ड्रायव्हर, थोड्या चिंध्या आणि अर्धापाऊण तास एवढेच पुरते. ती पारख कशी करावी हे येथे सांगावयाचे आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही ती समजून घ्यावी, कारण गाडी बिघडल्यावर शेतकरी प्रथम त्यांनाच विचारतो.

आरंभी एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने १९५४ साली जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. पुढे टाटांची ६९२ व ६९७ ही सहा सिलिंडरांची इंजिने आपल्या रस्त्यांवर दीर्घकाळ चालली. (या आकड्यांतील पहिला अंक सिलिंडरांची संख्या दाखवितो व पुढील दोन अंक सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात.) अशा इंजिनांत डिझेलचा पंप पूर्णपणे यांत्रिक असतो आणि प्रत्येक सिलिंडरला पंपापासून स्वतंत्र पोलादी नळी गेलेली असते. या लेखातील कसोटी अशाच इंजिनांसाठी आहे. अलीकडील मालमोटारींत, विशेषतः देशभर १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणमान लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत, बहुधा कॉमन रेल पद्धती असते. तीत डिझेलचा दाब हजार वातावरणांच्याही वर असतो. अशा इंजिनाची नळी चालू स्थितीत सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ होय. त्या गाड्यांना या पद्धतीने हात लावू नये.

स्वाभाविक आवाज कोणता

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या वर येताना सिलिंडरातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या किंवा सतराव्या भागात दाबली जाते व तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा अत्यंत बारीक फवारा सोडते आणि तो आपोआप पेटतो. परंतु तो पडताक्षणीच पेट घेत नाही. फवारा सुरू होणे आणि ज्योत धरणे यांत थोडा अवधी जातो. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. तेवढ्या काळात जे डिझेल आत साचते ते सारे एकदम पेटते, सिलिंडरातील दाब झटक्याने चढतो आणि दट्ट्यावर हातोडीचा घाव बसावा तसा आवाज होतो. डिझेल इंजिनाची नेहमीची खडखड ती हीच. हिवाळ्याच्या सकाळी इंजिन थंड असते, हवा पुरेशी तापत नाही, अवधी लांबतो आणि खडखड वाढते. इंजिन गरम होताच ती ओसरते. यात काळजीचे काही नाही.

अवधी अवास्तव लांबला, किंवा एखाद्या सिलिंडरात नको तेवढे अगर नको त्या वेळी डिझेल पडू लागले, तर याच खडखडीचा कर्कश ठोका होतो. त्यास आपण ‘जळणाचा ठोका’ म्हणू. दुसरा प्रकार निराळा आहे. बेअरिंग, पिन किंवा दट्ट्या झिजल्यामुळे दोन लोखंडी भागांमध्ये मोकळी जागा पडते आणि प्रत्येक धक्क्याबरोबर ते एकमेकांवर आपटतात. हा ‘ढिलाईचा ठोका’ होय. दोन्ही ठोके इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतात व दोन्ही भार पडला की जोर धरतात. म्हणून केवळ कानाने ऐकून ‘बेअरिंग गेले’ असा निर्णय देणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी त्याच्यावर विसंबू नये. कसोटी मागावी.

सर्वप्रथम तेलाकडे पाहावे

ठोका ऐकू येताच गाडी बाजूस घ्यावी, इंजिन बंद करावे व पाच-दहा मिनिटांनी तेलाची पट्टी काढून पाहावी. पातळी, रंग, दाटपणा आणि वास या चारही गोष्टी पाहाव्यात. पातळी खाली गेली असल्यास कारण उघड आहे. पातळी पूर्वीपेक्षा वर चढलेली दिसली तर मात्र कोणी आनंद मानू नये. तेलात डिझेल किंवा पाणी मिसळत आहे असा त्याचा अर्थ होतो. तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून हुंगल्यास डिझेल असेल तर लगेच कळते. पाणी असेल तर तेल ताकासारखे पांढरट दिसते.

त्यानंतर तेलाच्या दाबाचा काटा पाहावा. चालकास आपल्या गाडीचा काटा गरम इंजिनात, रिकाम्या चालीत आणि वेगात कोठे राहतो हे पाठ असले पाहिजे. तो रोजच्या जागेपासून बराच खाली आला असेल आणि त्याच वेळी इंजिनाच्या तळातून जड, बोजड असा ‘धब् धब्’ आवाज भार पडल्यावर वाढत असेल, तर पुढील कोणतीही कसोटी करीत बसू नये. इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी ओढून न्यावी. माल दुसऱ्या गाडीत भरण्याचा खर्च होईल. परंतु बेअरिंगची पत्री सरकून क्रँकवर लोखंडाला लोखंड घासू लागले की एकाच फेरीत क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि प्रसंगी ब्लॉकदेखील जातो. रॉड तुटून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर आला म्हणजे त्या इंजिनाची किंमत भंगाराची राहते. ‘कारखान्यापर्यंत तर जाऊ द्या’ हे वाक्य अशा वेळी फार महागात पडते.

काट्यावर संशय असल्यास तेलाच्या नळीवर दुसरे चांगले मीटर लावून खात्री करावी. जुन्या गाड्यांत काटा खोटा दाखवितो असे पुष्कळदा आढळते, व तो खोटा असेलच या समजुतीवर चालक निर्धास्त राहतो, हेही तितकेच आढळते.

एकेक सिलिंडर बंद करून पाहणे

तेलाची पातळी ठीक आहे, दाब नेहमीसारखा आहे, परंतु ठोका स्पष्ट आहे, अशा स्थितीत पुढील कसोटी करावी. गाडी सपाट जागी उभी करून न्यूट्रलमध्ये ठेवावी, हाताचा ब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत. पंख्याजवळ काम करावयाचे असल्याने धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक किंवा शर्टाची बाही मोकळी ठेवू नये. रेडिएटरच्या बाजूकडून आरंभ करून सिलिंडरांवर खडूने १ ते ६ आकडे घालावेत.

इंजिन गरम करून त्याच्या नेहमीच्या रिकाम्या चालीवर ठेवावे. ठोका स्पष्ट येत नसेल तर किंचित रेस द्यावी. आता पहिल्या सिलिंडरच्या नळीचा इंजेक्टरकडील नट चिंधीने झाकावा आणि पान्याने सुमारे एक फेरा सैल करावा. त्या नळीतील डिझेल बाहेर गळू लागते, त्या सिलिंडरात जळण होत नाही आणि इंजिन जरासे लंगडे चालते. ते लंगडे चालले नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता असे समजावे. ही माहितीही मोलाची असते. ठोक्यात काय फरक पडतो ते ऐकून नट पुन्हा आवळावा व पुढच्या सिलिंडरकडे जावे.

येथे एक धोका मुद्दाम सांगतो. नोझलमधून निघणारा फवारा सुमारे २०० वातावरणांच्या दाबाचा असतो. मालमोटारीच्या टायरमधील हवेचा दाब सात-आठ वातावरणांचा असतो, यावरून त्याची कल्पना यावी. हा फवारा कातडी भेदून बोटात शिरतो; बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, परंतु आत मांस सडू लागते. गळतीवर उघडे बोट कधीही धरू नये. इंजेक्टर बाहेर काढून त्याचा फवारा पाहताना तर हात दूरच ठेवावा. असा प्रसंग घडलाच तर वेदना कमी आहे म्हणून थांबू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे व डिझेल टोचले आहे असे स्पष्ट सांगावे. गळणारे डिझेल तापलेल्या धुराड्याच्या नळीवर पडू देऊ नये, आणि जवळपास विडी तर नसावीच.

सहाही सिलिंडर याप्रमाणे पाहून झाल्यावर तीन प्रकारांपैकी एक निष्कर्ष निघतो. एखादा सिलिंडर बंद करताच ठोका नाहीसा होतो किंवा पुष्कळ मंदावतो. अथवा कोणताही सिलिंडर बंद केला तरी ठोका जसाच्या तसा राहतो. अथवा प्रत्येक सिलिंडर बंद करताना थोडा थोडा फरक पडतो, म्हणजे ठोका सर्वांतच वाटलेला असतो.

एकाच सिलिंडरचा ठोका : खरी पारख येथेच

समजा, चौथा सिलिंडर बंद केल्यावर ठोका थांबला. बरेच कारागीर येथेच निर्णय देतात की चौथ्याचे बिग-एंड बेअरिंग गेले. हा निर्णय घाईचा आहे. जळण थांबविले म्हणजे जळणाचा ठोका थांबतो हे उघडच आहे. परंतु दट्ट्यावरील धक्का थांबल्यामुळे बेअरिंगवरील भारही उतरतो आणि ढिलाईचा ठोकाही शांत होतो. एवढ्यावरून सिलिंडर कोणता हे समजले, कारण समजले नाही.

कारण शोधण्याचा उपाय सोपा आहे. इंजिन बंद करून चौथ्या व पाचव्या सिलिंडरचे इंजेक्टर काढावेत आणि त्यांची अदलाबदल करावी. इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर नवा घालावा व तो एकच असल्याची खात्री करावी. जुना वायसर आतच चिकटून राहिला आणि त्यावर दुसरा बसविला तर नोझल वर उचलले जाते, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि एक दोष शोधताना दुसरा निर्माण होतो. इंजिन सुरू करून पुन्हा तीच कसोटी करावी. ठोका पाचव्या सिलिंडरात गेला तर दोष इंजेक्टरचा आहे, यात शंका उरत नाही. ठोका चौथ्यातच राहिला तर इंजेक्टर निर्दोष आहे. मग पंपाचा त्या सिलिंडरचा भाग, दट्ट्या, पिन किंवा बेअरिंग यांकडे वळावे.

एका हंगामाच्या मध्यावर आमच्या भागात अशीच एक गाडी पाहावयास मिळाली. गॅरेजमध्ये तिला ‘फुल इंजिन’चे काम सांगितले होते आणि मालक ऊस वाहतुकीच्या बिलावर उचल घेण्याच्या विचारात होता. इंजेक्टर बदलून पाहताच ठोका दुसऱ्या सिलिंडरात गेला. नोझलची सुई अडकून डिझेल फवाऱ्याऐवजी धारेने पडत होते. नोझल बदलले आणि गाडी दुसऱ्याच दिवशी फडावर गेली. प्रत्येक गाडीचे असेच होईल असे मुळीच नाही. परंतु एवढा खर्च ठरविण्यापूर्वी ही पाऊण तासाची कसोटी करून घेणे मालकाच्या हाती असते.

इंजेक्टरच्या दोषाबरोबर बहुधा धूरही बोलतो. नोझल गळत असेल तर भाराखाली काळा धूर येतो आणि सकाळी सुरू करताना न जळलेल्या डिझेलचा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर दिसतो. निळसर धूर मात्र वंगणाचे तेल जळत असल्याचा असतो. त्याचा रोख रिंग, लायनर किंवा वाल्वच्या गाईडकडे जातो. काळा धूर हवेची गाळणी तुंबल्यानेही येतो, म्हणून ती आधी झाडून पाहावी. धुळीच्या गाडीवाटेवर चालणाऱ्या गाडीत हे विशेष घडते.

ठोका इंजेक्टरबरोबर हलला नाही तर त्याचा नाद व जागा यांकडे लक्ष द्यावे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे पाते इंजिनावर टेकवून मूठ कानाजवळच्या हाडाला लावल्यास आवाजाची जागा चांगली कळते. इंजिन थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी होणारा, ब्लॉकच्या मधल्या भागात ऐकू येणारा पोकळ आवाज बहुधा दट्ट्या लायनरमध्ये सैल झाल्याचा असतो. असा दट्ट्या काही काळ चालतो. हंगाम संपेपर्यंत थांबावयाचे तर याच बाबतीत थांबता येईल. रिकाम्या चालीत जोडीने पडणारा, टणक व धातूसारखा स्वच्छ आवाज गजन-पिनचा असतो. बिग-एंडचा ठोका त्याहून जड असतो व वेग धरून एकाएकी पाय उचलला की विशेष ऐकू येतो. मेन बेअरिंगचा आवाज सर्वांत खालून, बोजड असा येतो. शेजारील दोन सिलिंडर एकाच वेळी बंद केल्यास तो कमी होतो, एकाने फारसा होत नाही. शेवटच्या दोन प्रकारांत तेलाचा दाब अद्याप ठीक दिसत असला तरी गाडी भरून चालवू नये.

ठोका हलत नाही तेव्हा

कोणताही सिलिंडर बंद केला तरी ठोका बदलत नाही, असे असल्यास तो जळणाशी किंवा दट्ट्याच्या भाराशी संबंधित नाही असे बहुतांशी धरता येते. अशा ठोक्याची गती मोजून पाहावी. इंजिन मिनिटास ६०० फेऱ्यांवर चालत असता क्रँकबरोबर पडणारे ठोके सेकंदास १० होतात. वाल्व निम्म्या गतीने चालत असल्याने टॅपेटचे ठोके सेकंदास ५ पडतात. बोटाने पत्र्यावर ताल धरून पाहिले तर हा फरक कळतो. वरच्या झाकणाखालून येणारी हलकी टकटक टॅपेटची असते. अशा वेळी वाल्वमधील अंतर पत्तीने मोजून उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. ते गरम इंजिनात मोजावयाचे की थंड, हेही पुस्तिकेतच पाहावे. अंदाजाने आवळू नये. आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट अतिशय आवळल्यास वाल्व बसत नाही आणि जळतो.

याखेरीज गोंधळात पाडणारे आवाज इंजिनाच्या बाहेरचे असतात. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर, डायनमो, पाण्याचा पंप, क्रँकची पुढची पुली आणि तिचा रबरी भाग, इंजिनाचे पाये, फ्लायव्हीलचे बोल्ट हे सारे बेअरिंगसारखा आवाज काढू शकतात. कॉम्प्रेसर व डायनमो पट्ट्यावर चालत असतील तर पट्टा उतरवून इंजिन एकदोन मिनिटे चालवावे. ठोका गेला तर दोष त्यांतच आहे. मात्र त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असल्यास इंजिन जास्त वेळ चालवू नये, आणि कॉम्प्रेसर बंद असताना गाडी जागची हलवू नये; ब्रेक लागणार नाही. क्लच दाबताच आवाज बदलत असेल तर फ्लायव्हील व क्लचकडे पाहावे. क्रँक बदलूनही ठोका कायम राहिला आणि शेवटी पुलीची चावी सैल निघाली, अशी उदाहरणे गॅरेजांतून ऐकावयास मिळतात.

ठोका सर्वच सिलिंडरांत असेल तर

सर्व सिलिंडर सारखेच कर्कश वाजत असतील तर सहाही नोझले एकदम बिघडली असे होणे कठीण. पंपाचे टाइमिंग पुढे गेले आहे काय ते प्रथम पाहावे. पंप नुकताच उतरवून बसविला असेल तर संशय तेथेच घ्यावा. डिझेल वेळेआधी पडले तर हवा पुरेशी तापलेली नसते, अवधी लांबतो व ठोका तीव्र होतो. पंपाचे काम मात्र ज्याच्याकडे तपासणीचे यंत्र आहे अशाच कारागिराकडे द्यावे. घाट चढताना वरच्या गिअरमध्ये इंजिन ओढत नेण्याची चालकाची सवयही ठोका वाढविते. वेग गळू लागताच गिअर खाली घ्यावा.

यानंतर डिझेलचा विचार करावा. डिझेल किती लवकर पेट घेते ते सीटेन क्रमांकावरून समजते आणि भारत स्टेज ६ डिझेलसाठी तो किमान ५१ ठरविलेला आहे. तेव्हा प्रामाणिक पंपावरील डिझेलमुळे जुने इंजिन ठोके देईल असे सहसा होत नाही. रॉकेल मिसळलेले किंवा स्वस्तात मिळालेले दुसरेच इंधन असेल तर गोष्ट वेगळी. असे पातळ इंधन ठोका तर वाढवितेच, शिवाय इंजेक्शन पंपाच्या आतील दांड्यांना डिझेलच वंगण पुरवीत असल्याने तो पंपही झिजवून टाकते. लिटरमागे वाचलेले चार पैसे पंपाच्या दुरुस्तीत कसे जातात याचा हिशेब ज्याचा त्याने करून पाहावा.

घरी पिंपात डिझेल साठविणाऱ्यांनी पिंप सावलीत व किंचित तिरपे ठेवावे, ओतल्यावर रात्रभर निवू द्यावे आणि तळापासून चार बोटे वर नळी ठेवून काढावे. पाणी व गाळ तळाशी राहतो. जस्ताचा मुलामा दिलेले पिंप डिझेलसाठी वापरू नये. जस्ताचे संयुग तयार होऊन गाळणी व नोझल तुंबतात.

लहान दोषापासून मोठा दोष

जळणाचा ठोका व ढिलाईचा ठोका हे दोन निराळे प्रकार असले तरी एकापासून दुसरा उत्पन्न होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गळक्या नोझलमधून पडणारे सर्व डिझेल जळत नाही. उरलेले लायनरवरील तेलाचा पापुद्रा धुऊन काढते व रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरते. तेल पातळ होते, त्याचा दाब घटतो आणि बेअरिंगवर टिकणारा तेलाचा थर फाटतो. याच धारेमुळे दट्ट्याचा माथा एका जागी तापून त्यास भोकही पडते. ‘नोझलच तर आहे, पुढे बदलू’ असे म्हणून दोनतीन महिने गाडी चालविली तर अखेर खरोखरच बेअरिंग जाते. नोझल बदलल्यावर तेलात डिझेलचा वास असल्यास तेल व तेलाची गाळणी त्याच दिवशी बदलावी. जुन्या तेलावर एकही फेरी करू नये.

शेतावरील इंजिने

चार सिलिंडरांच्या जुन्या ट्रॅक्टरलाही वरील कसोटी तशीच लागू पडते. विहिरीवरील एका सिलिंडरच्या इंजिनास अदलाबदल शक्य नसते. तेथे इंजिन गरम करून डिझेल एकदम तोडावे व चाक फिरत असेतोवर कान देऊन ऐकावे. डिझेल तोडताक्षणी ठोका थांबला तर प्रथम नोझल तपासून घ्यावे. चाक थांबेपर्यंत ठोका येत राहिला तर फ्लायव्हीलची चावी, पुली व बेअरिंग पाहावे.

इंजिन उघडावेच लागल्यास

पारख होऊन बेअरिंगचाच दोष निश्चित झाला, तर प्रथम केवळ तेलाचे चेंबर उतरवावे. हेड काढण्याची घाई करू नये. चेंबरच्या तळाशी चकाकणारे धातूचे कण आहेत काय ते पाहावे. संशयित रॉड हाताने धरून वर-खाली हलवावा. बाजूला किंचित सरकणे रास्त आहे, परंतु वर-खाली हाताला जाणवेल एवढी हालचाल असता कामा नये. पत्री काढून तिचा पृष्ठभाग मालकाने स्वतः पाहावा. एकाच बाजूस घासलेली पत्री रॉड वाकल्याची खूण असते, सर्वत्र ओरखडे असतील तर तेलात कचरा गेलेला असतो, आणि धातू वितळून पुसला गेला असेल तर तेल पोचलेले नसते. कारण न शोधता नवी पत्री बसविली तर तीही त्याच वाटेने जाते.

क्रँकवर ओरखडे असल्यास तो घासून पुढील मापाची पत्री बसवावी लागते. ही मापे पाव मिलिमीटरच्या टप्प्याने, म्हणजे कारागिरांच्या भाषेत दहा, वीस, तीस, चाळीस अशी जातात. आधी कितीचे माप झाले आहे ते कागदावर लिहून घ्यावे. जुनी गाडी विकत घेतानाही हा प्रश्न विचारावा, कारण चाळीस झालेल्या क्रँकला बहुधा पुढे वाव उरत नाही. रॉडचे बोल्ट टॉर्क-पान्यानेच आवळावेत, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी पंपाचे डिझेल तोडून ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवावे. तेलाचा काटा हलला म्हणजे मगच डिझेल सोडावे. काढलेले जुने भाग फडक्यात बांधून, त्यांवर सिलिंडरचा आकडा घालून मालकाने आपल्याजवळ ठेवावेत.